सातव्या टेबलावरचे बेचाळीस सेकंद

१

रेकॉर्डिंग बेचाळीस सेकंदांचं होतं. चौकशी समितीने ते मला चार वेळा ऐकवलं. चौथ्या वेळी मी म्हटलं, "पुरे आता. मी म्हातारी आहे, बहिरी नाही."

त्यात एकच माणूस बोलतो. वयस्कर आवाज, धाप लागलेला. "हॅलो, अँब्युलन्स का? हॅलो! अहो, ही खाली पडलीय... डोळे उघडत नाहीये. हॅलो! कुणी आहे का तिथे? बोला की हो कुणीतरी!" मग नुसता श्वास. मग पुन्हा दोनदा हॅलो. मग खट्.

पलीकडून एक अक्षर नाही. पलीकडे म्हणजे अँब्युलन्स नियंत्रण कक्षाच्या सात नंबरच्या टेबलावर. तिथे माझी भाची बसली होती.

वेळ दुपारची, तीन वाजून चार मिनिटं. आजोबांनी फोन ठेवला, शेजाऱ्यांकडे धावले, तिथे कुलूप. परत येऊन त्यांनी पुन्हा फोन लावला तेव्हा आठ मिनिटं गेली होती. या वेळी दोन नंबरच्या टेबलाने उचलला, पत्ता घेतला, गाडी सुटली. गाडी पोचली तेव्हा आजी गेल्या होत्या. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की गाडी सात-आठ मिनिटं आधी पोचली असती तर वाचण्याची शक्यता होती.

"सरळ प्रकरण आहे," कक्षाच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "हेडसेटच्या वायरवर एक बटण असतं. दाबलं की माइक बंद. दोन कॉलच्या मध्ये पोरी ते दाबून गप्पा मारतात. हिने दाबलं आणि परत उघडायला विसरली. त्या माणसाचा जीव टांगणीला, आणि ही बंद माइकमध्ये बोलत बसली."

अध्यक्ष वरच्या कार्यालयातून आले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. "गुरुवारी निर्णय देऊ. बडतर्फी तर आहेच, पण कागद पोलिसांकडेही जातील. तुम्ही हिच्या मदतनीस म्हणून आलात ना? काही म्हणायचंय?"

आरोप असलेल्या माणसाला चौकशीत एक मदतनीस आणता येतो, असा तिथला नियम. वकील कुणी मिळेना, म्हणून भाचीने मला आणलं. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये घासलीत. मुक्या लाइनी शोधण्यात माझी नजर गेली आणि गुडघेही. मी म्हटलं, "म्हणायचं गुरुवारीच म्हणेन. तोवर मला खाली हॉलमध्ये फिरू द्या."

बाहेर व्हरांड्यात भाची भिंतीला टेकून उभी होती. आठवड्याभरात पोरगी अर्धी झाली होती.

"रडू नकोस," मी म्हटलं. "तू बोलत होतीस की नाही, एवढंच सांग."

"बोलत होते मावशी. ओरडत होते. त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. मोबाइलवरून फोन, पत्ता दिसत नव्हता. त्यांनी ठेवल्यावर मी दोनदा उलट लावला, उचलला नाही." मग तिने माझा हात घट्ट धरला. "पण बटण... मावशी, खरंच दाबलेलं असेल का गं? मला आता आठवतच नाहीये. आठवायला गेले की कधी उघडं दिसतं, कधी बंद."

आरोप खोटा असता तर मी भांडले असते. पण हिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की आपण एका बाईचा जीव घेतला की नाही.

२

हॉल तळमजल्याच्या वर, पहिल्या मजल्यावर. खिडक्या आहेत, पण सगळ्यांवर पडदे ओढलेले, म्हणून भरदुपारीही ट्यूबलाइटचा तो आजारी उजेड. दहा टेबलं, दोन रांगा. प्रत्येकावर कॉम्प्युटर, हेडसेट आणि एक काळा फोन. हेडसेट फोनला जोडलेला.

सातवर फोन नव्हता. तिथे टेबलाचा रंग चौकोनी उजळ राहिला होता. हेडसेट थेट कॉम्प्युटरमध्ये खुपसलेला. शेजारच्या आठ नंबरवरही तसाच चौकोन, पण तिथे कुणी बसत नव्हतं. ती पोरगी नोकरी सोडून गेली होती.

"इथले फोन कुठे गेले?" मी प्रमुख बाईंना विचारलं.

"कुठे जातील? एक माझ्या नव्या केबिनमध्ये आहे आणि एक मीटिंगच्या खोलीत. नवीन मागवलेत, आलेले नाहीत. तात्पुरती सोय केली. कॉम्प्युटरवरून कॉल घेता येतो, काही अडत नाही."

"कधीपासूनची ही तात्पुरती सोय?"

"झाले असतील पाच महिने."

"आणि तुमच्या केबिनमधल्या फोनवर दिवसाला किती कॉल येतात?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या ताटातलं उचललंय. "दोन-तीन. तुम्हाला काय करायचंय?"

मला काय करायचं होतं ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. मी तक्रारींची वही मागितली. जाडजूड वही, कोपरे दुमडलेले. भाचीच्या अक्षरात तीन तक्रारी सापडल्या, पाच महिन्यांतल्या. तिन्हींचा मजकूर जवळपास एकच: 'समोरच्याला माझा आवाज जात नाही. मला त्यांचा येतो.' प्रत्येकीखाली सुवाच्य अक्षरात उत्तर: 'टेबल सातची लाइन तपासली. आवाज दोन्हीकडे स्वच्छ. ओके.' आणि सही.

"बघा," बाई म्हणाल्या. "तीनदा तपासलं, तीनदा काही निघालं नाही. म्हणजे चूक हिचीच. सवयच आहे बटण विसरायची."

वही भाचीला बुडवत होती, हे खरं. पण मी तक्रारींच्या वेळा पाहिल्या. तीन वाजून सात. तीन वाजून तीन. तीन वाजून नऊ. विसरभोळी माणसं सकाळीही विसरतात, संध्याकाळीही. ही दर वेळी तीनच्या सुमारासच कशी विसरत होती?

३

तीन वाजता त्या इमारतीत काय होतं, ते मला रेकॉर्डकाकांनी सांगितलं. हॉलच्या टोकाला काचेच्या खोलीत बसतात, सतत मफलर गुंडाळून, कारण मशीनांसाठी एसी जोरात असतो.

"तीनला पाळी बदलते," ते म्हणाले. "सकाळच्या पाळीत सगळ्या टेबलांच्या पडद्यांवर काय काय दिसलं, त्याची चित्रफीत या डब्यात साठते. ती मी तीनला खाली तळघरात पाठवतो. बटण दाबलं की दहा-बारा मिनिटं लागतात. सव्वातीनला चहा प्यायला मोकळा."

"रोज तीनलाच?"

"घड्याळ लावून घ्या माझ्यावर."

"आणि कॉलचं रेकॉर्डिंग? तेही याच डब्यात?"

"छे! ते खाली तळघरात होतं. आवाज खाली पोचतो, तिथे रेकॉर्ड होतो, तिथून बाहेर जातो."

मी मनाशी खूणगाठ बांधली. म्हणजे बेचाळीस सेकंदांच्या त्या रेकॉर्डिंगवरून एवढंच कळत होतं की भाचीचा आवाज तळघरात पोचला नाही. तो तिच्या तोंडातून निघाला की नाही, हे ते रेकॉर्डिंग सांगू शकत नव्हतं. मधल्या वाटेवर कुणी चौकशी केलीच नव्हती.

मधली वाट ज्याच्या ताब्यात, तो माणूस जिन्याखालच्या खोलीत भेटला. नेटवर्कचा मेकॅनिक. हॉलमध्ये सगळे त्याला 'ओकेसाहेब' म्हणतात, कारण कुठल्याही तक्रारीवर त्याचा शेरा ठरलेला. पंचेचाळिशीचा, सभ्य, पातळ आवाजाचा. मला बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण खोक्यावर बसला. खरं सांगायचं तर मला माणूस आवडला.

"स्विच म्हणजे काय, ते सांगा मला," मी म्हटलं. "आमच्या वेळी एका कॉलला एक तार होती. तुमचं सगळं एकाच वायरीत."

भिंतीवरचं कपाट उघडून त्याने दाखवलं. आत चपटा डबा, ओळीने भोकं, प्रत्येकात वायर, हिरवे दिवे लुकलुकत. "हॉलमधल्या सगळ्या वायरी या डब्यात येतात. आणि इथून एकच मोठी वायर तळघरात जाते. आवाजाचे बारीक तुकडे होतात, एका सेकंदाला पन्नास. त्यांना पॅकेट म्हणायचं. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, कोण किती घाईचं ते सांगणारा. आवाजाचा आकडा सेहेचाळीस. फाइल, चित्रफीत, बाकी फुटकळ, त्यांचा शून्य. तळघराच्या वायरीत गर्दी झाली की स्विच रांगा लावतो. सेहेचाळीसवाले आधी सोडतो."

"आणि शून्यवाले?"

"थांबतात. रांग भरली की फेकून देतो. फाइलचा तुकडा हरवला तर मशीन पुन्हा मागवतं, कुणाला कळतही नाही. आवाजाचा हरवला की गेला."

"मग कुणीही उठून आपल्या पॅकेटवर सेहेचाळीस लिहील की."

तो हसला. "म्हणून तर स्विच कुणाच्याही आकड्यावर विश्वास ठेवत नाही. कॉम्प्युटरवाल्याने काहीही लिहिलं तरी दारातच खोडून शून्य करतो. फक्त वायरीच्या टोकाला आपला ओळखीचा काळा फोन दिसला, तरच त्याचा आकडा मानतो. फोन काढला की विश्वास संपला." आणि मग, मी विचारलं नसतानाच, तो चष्मा पुसत म्हणाला, "सातचं तसं नाही हं. सातवर कॉम्प्युटरचाही आकडा मानायला सांगितलंय स्विचला. तिथे प्रश्नच येत नाही."

मी मान डोलावली. "तक्रार आल्यावर सात नंबर तुम्ही तपासलात कसा?"

त्याने बॅगेतून फडक्यात गुंडाळलेला काळा फोन काढला. "हा माझा तपासणीचा फोन. टेबलाची वायर याला लावायची, खाली कॉल करायचा, बोलायचं, ऐकायचं. तीनदा केलं. आवाज खणखणीत."

"हाच फोन लावून?"

"हाच. अकरा वर्षं हाच वापरतोय."

मी तिथून उठले तेव्हा माझे गुडघे दुखत नव्हते. असं क्वचित होतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आजोबांकडे गेले. दोन खोल्यांचं घर, दुसरा मजला. दार उघडंच होतं. ते टेबलाशी बसले होते, समोर बशीत पाव, न खाल्लेला. मी कोण, ते आधी सांगून टाकलं. लपवाछपवी मला जमत नाही.

"म्हणजे त्या मुलीची मावशी," ते म्हणाले. "बसा. तिला काय होणार?"

"नोकरी जाईल. कदाचित तुरुंग."

"ही परत येणार नाही." आतल्या खोलीकडे त्यांनी बघितलंही नाही. "एकेचाळीस वर्षं. माझा राग नाही असं म्हणणार नाही मी. माणूस मरतंय आणि पलीकडे कुणी तोंड उघडत नाही. राग येणार नाही तर काय?"

"बरोबर आहे. मला फक्त सांगा, काहीच ऐकू आलं नाही? खरखर, श्वास, काही?"

त्यांनी पावाची बशी दूर सारली. मला वाटलं, आता हाकलतात.

"खरखर नाही. पोकळ होतं. विहिरीत ओरडल्यासारखं, पण परत काही येत नव्हतं. एकदा मात्र... एकदा वाटलं, 'आजो' असं काहीतरी. अर्धंच. मला वाटलं, भास झाला."

माइकचं बटण बंद असेल तर अर्धा शब्दही बाहेर पडत नाही. बंद म्हणजे बंद. अर्धा शब्द येतो, तो वाटेत बाकीचा मारला गेला तरच. मदतनीस म्हणून मला रेकॉर्डिंगची प्रत मिळाली होती; घरी जाऊन मी ती कानाशी धरून पुन्हा ऐकली. सतराव्या सेकंदाला, आजोबांच्या दोन हॅलोंच्या मध्ये, टिचकीएवढा आवाज होता. समितीसमोर असल्या टिचकीला कुणी विचारणार नाही, हेही मला कळत होतं. खोकला म्हणतील, खुर्ची म्हणतील.

पण गणित जुळत होतं. बाईंनी फोन नेला. फोन गेला, तसा स्विचने सातवरचा विश्वास काढला. भाचीचा आवाज शून्यात. तीन वाजता काकांची चित्रफीत त्याच वायरीत घुसली आणि शून्यवाल्यांची कत्तल झाली. आजोबांचा आवाज उलट्या दिशेने, तळघरातून वर यायचा, तिथे आकडाही शाबूत आणि गर्दीही नाही. म्हणून भाचीला ऐकू येत होतं. आणि ओकेसाहेब तपासायला यायचा तो स्वतःचा काळा फोन लावून! ओळखीचा फोन दिसला की स्विचचा विश्वास परत, आवाज खणखणीत. तपासायला वापरलेली वस्तूच दोष घालवत होती. फोन बॅगेत परत गेला की दोष परत.

राहता राहिलं एकच. 'सातचं तसं नाही' असं तो म्हणाला होता. थापा मारतोय, असं मी धरून चालले. बुधवारी तीनला मी ते सगळ्यांना दाखवणार होते.

५

बुधवारी दुपारी तीनला दोन मिनिटं कमी असताना मी भाचीला सात नंबरवर बसवलं. प्रमुख बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. काकांनी तीनला बटण दाबलं. मी व्हरांड्यात जाऊन माझ्या मोबाइलवरून थेट भाचीच्या टेबलाचा नंबर लावला.

"मावशी, येतंय ऐकू?" भाची म्हणाली.

स्वच्छ. शेजारी बसल्यासारखं.

मी पाच मिनिटं बोलत राहिले, दहा मिनिटं बोलत राहिले. शब्द गळला नाही, अक्षर तुटलं नाही. काका चहाला निघाले तेव्हा मी फोन बंद केला.

"झालं समाधान?" बाईंनी विचारलं. "तुमच्याच हाताने सिद्ध केलंत. लाइन ठणठणीत आहे. उद्या समितीला मीच सांगेन."

त्या गेल्या. भाचीने हेडसेट काढून हळूच टेबलावर ठेवला. मग ते बटण अंगठ्याने दाबलं, उघडलं, दाबलं, उघडलं.

"म्हणजे मीच, मावशी," ती म्हणाली. आवाजात रडूही नव्हतं. "मीच मारलं त्यांना. बरं झालं, कळलं तरी."

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तिला घरी पाठवलं आणि मी जिन्याखालच्या खोलीत शिरले. ओकेसाहेब नव्हता. कपाटाचं दार नुसतं लोटलेलं. मी ते उघडून हिरव्या दिव्यांकडे रागाने बघत बसले, जसं काही त्यांना लाज वाटणार होती.

दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. तेच सुवाच्य अक्षर. 'टेबल १ ते १०: फोन दिसला तरच विश्वास.' खाली तारखांसकट बारीकसारीक नोंदी: वायर बदलली, पंखा पुसला, लेबल सुटलं ते लावलं. धूळ झाडल्याची तारीख लिहिणारा माणूस हा. आणि सात नंबरला वेगळा नियम लावला, त्याची कागदावर एक रेघ नाही.

पण आजचा कॉल स्वच्छ गेला होता, म्हणजे तो थापा मारत नव्हता. सातचं खरंच तसं नव्हतं. पण ते कधीपासून तसं नव्हतं?

६

गुरुवारी पावणेतीनला समिती बसली. मी अध्यक्षांना म्हटलं, "निर्णय सव्वातीनला द्या. तोवर सगळे खाली हॉलमध्ये चला. नेटवर्कवाल्या साहेबांनाही बोलवा, आणि त्यांना माझ्या शेजारी उभं राहू द्या."

अध्यक्ष कुरकुरले, पण उठले. भाची सात नंबरवर बसली. चेहरा पांढरा. मी खाली वाकले, टेबलामागे हात घालून तिच्या कॉम्प्युटरची वायर सातच्या भोकातून उपटली आणि शेजारच्या रिकाम्या आठ नंबरच्या भोकात लावली. बाकी काही नाही. तोच कॉम्प्युटर, तीच पोरगी, तोच हेडसेट.

ओकेसाहेबाने एक पाऊल मागे घेतलं. मी त्याचा मनगटाशी हात धरला. "थांबा ना. आठवर पण फोन नाही. पाच महिन्यांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी गेले. दोन्हींचं सारखंच असायला हवं, नाही का?"

"मावशी," तो पुटपुटला, "नका करू."

फोन कोण करणार ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आजोबांना मी आदल्या संध्याकाळी विचारायला गेले होते, जीव मुठीत धरून. मला वाटलं, दार आपटतील. ते म्हणाले, "करतो. ती शांतता माझ्याइतकी कोण ओळखणार?"

तीन वाजले. काकांनी बटण दाबलं. तीन वाजून तीन मिनिटांनी, मी देऊन ठेवलेल्या थेट नंबरवर, भाचीच्या पडद्यावर कॉल आला. मी तळघरातलं रेकॉर्डिंग सरळ स्पीकरवर लावायला सांगितलं होतं.

"हॅलो," आजोबांचा आवाज हॉलभर झाला. "मी बोलतोय. हॅलो?"

भाची सगळ्यांसमोर, दोन हातांवर, मोठ्याने म्हणाली, "आजोबा, मी ऐकतेय, बोला!" बटण मी माझ्या चिमटीत धरलं होतं. उघडं.

स्पीकरवर काही नाही.

"हॅलो?" आजोबा म्हणाले. आवाज कापला. "हीच. अगदी हीच. हॅलो..."

भाची पुन्हा बोलली, पुन्हा. हॉलमधल्या सगळ्यांनी तिचं तोंड हलताना पाहिलं, तिचा आवाज कानांनी ऐकला, आणि स्पीकरमध्ये फक्त म्हाताऱ्याचा श्वास. एकदा 'बो' असा एक तुकडा फुटला, तेवढाच. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघायचं सोडलं होतं.

मी थोडक्यात सांगितलं: फोन, विश्वास, शून्य, चित्रफीत, आणि दोष घालवणारा तो तपासणीचा फोन. प्रमुख बाई मध्येच म्हणाल्या, "पण काल सातवर..."

"काल सातवर चाललं, कारण ते आजींच्या नंतर दुरुस्त केलंय. आठ विसरलं. तिथे कुणी बसत नाही ना." मी त्याच्याकडे वळले. "कधी केलंत? तुम्ही सांगता की स्विचच्या पोटातली नोंद काढायला लावू?"

त्याने चष्मा काढला. त्याच्याशिवाय त्याचे डोळे फार लहान दिसत होते.

"दुसऱ्या दिवशी. सकाळी साडेनऊला," तो म्हणाला. "रेकॉर्डिंग ऐकलं आणि रात्रभर विचार केला. मग लक्षात आलं की मी दर वेळी फोन लावूनच तपासत होतो. एक ओळ बदलायची होती फक्त. पाच महिन्यांपूर्वी बदलायला हवी होती. बदलली. मग वाटलं, सांगावं. मग वहीतल्या माझ्या तीन सह्या आठवल्या."

"आणि ही?" मी भाचीकडे बोट केलं. माझा आवाज चढला, चढू दिला. "नऊ दिवस ही पोरगी स्वतःला खुनी समजतेय! तुम्ही रोज तिच्या समोरून जात होतात की हो! तोंडातून एक शब्द फुटला नाही?"

तो काढलेला चष्मा पुसू लागला. मला तो माणूस आवडला होता, याचाच मला जास्त राग आला.

अध्यक्ष बाईंकडे वळून म्हणाले, "ते दोन्ही फोन आज, आत्ता जागेवर आले पाहिजेत." बाई निघाल्या. जाताना त्यांनी भाचीच्या खांद्याला हात लावायचा प्रयत्न केला. भाचीने खांदा काढून घेतला.

७

या सगळ्या गडबडीत आजोबांचा कॉल चालूच होता. स्पीकरवर त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी वाकून वायर आठमधून काढली, सातमध्ये लावली. कॉल तुटेल असं मला वाटलं होतं, पण तुटला नाही.

"आजोबा," भाची म्हणाली, "आता येतंय ऐकू?"

"येतंय. तुझाच आवाज. 'आजो' म्हणालेला. भास नव्हता तर."

"नव्हता."

"बाळ, एक विचारू? तू खरं सांगशील ना? त्या दिवशी मी हॅलो हॅलो करत होतो, तेव्हा तू काय म्हणत होतीस?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मला एकदम कळलं, आणि मी जोरजोरात मान हलवून नको म्हटलं. काहीही सांग गं, पण ते नको. पण नऊ दिवस ज्या पोरीला कुणी खरं मानलं नव्हतं, ती आता खोटं कसं बोलणार?

"मी म्हणत होते, मला ऐकू येतंय, पत्ता सांगा." तिने माझ्यावरची नजर काढून घेतली. "आणि म्हणत होते, फोन ठेवू नका. तेच सारखं. ठेवू नका, ठेवू नका."

स्पीकरवर काही नाही. या खेपेला वायरीचा दोष नव्हता.

"आणि मी ठेवला," आजोबा म्हणाले.

"तुम्हाला ऐकूच येत नव्हतं हो! तुमची चूक कशी असेल?"

"नाही, बरोबर आहे तुझं. मला कळतंय." ते सौम्यपणे म्हणाले. मी त्या पोरीला सोडवायला आले होते, सोडवलंही. आणि तिच्या डोक्यावरचं उचलून मी या म्हाताऱ्याच्या डोक्यावर नेऊन ठेवलं, त्याच्याच हातून फोन करवून. याचा विचार मी एकदाही केला नव्हता.

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, निर्णय लेखी देऊ, आणि बाहेर गेले. ओकेसाहेब त्यांच्या मागून, मान खाली. इतर टेबलांवर कॉल येऊ लागले, पोरी कामाला लागल्या.

"आता ठेवू का, बाळ?" आजोबांनी विचारलं. लहान मूल परवानगी मागतं तसं.

भाचीला 'ठेवा' म्हणता येईना. तिने खुर्ची पुढे ओढून घेतली आणि हेडसेट नीट बसवला.

"नका ठेवू," ती म्हणाली. "माझी आज ड्युटी नाहीये. तुम्ही जेवलात का?"

ते काहीतरी म्हणाले, तिने काहीतरी विचारलं. मी स्पीकर बंद करायला लावला. आम्हाला ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं. साडेचारला मी घरी निघाले तेव्हा ती बोलतच होती.